नेमणुकीआधीचा संप

२८ नोव्हेंबर १९७७, सोमवार

विणकर सोसायटीने वाटलेली ही डायरी अकरा महिने कोनाड्यात कोरी पडून होती. आजपासून लिहिणार. सरकारी माणसाला नोंद ठेवायची सवय पाहिजे.

आज भंडाऱ्याला जाऊन आलो. साकोलीला विणकामाचं ट्रेनिंग सेंटर निघतंय, तिथे एक विणकर मास्तर घेणार आहेत. पर्मनंट. ऑफिसातले क्लार्क श्यामराव यांनी माझा अर्ज स्वतःच्या हाताने फायलीत लावला आणि म्हणाले, "कागद वर जाईल. एक साहेब घरी येऊन माग पाहून जाईल, मंग ऑर्डर." म्हणजे झालंच. साहेबाचं येणं ही नुसती फॉर्मॅलिटी. मी मोहाडीत बावीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलोय, ते माझ्या पाठीकडे बघूनच कळतं.

विजयमालेला सांगितलं. ती रहाटावर बाण्याच्या सुताच्या कांड्या भरत होती. रहाट न थांबवता म्हणाली, "ऑर्डर आली का?" बायकांना प्रोसीजर समजत नाही.

३ डिसेंबर, शनिवार

संकल्प केले. पहाटे पाचला उठणे, रोज एक पान इंग्रजी, विडी बंद. साडेसातला उठलो, कारण थंडी फार आहे. इंग्रजीचं पुस्तक सापडलं नाही. विडी एकदम सोडली तर प्रकृतीला धक्का बसतो असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

सहीचा सराव मात्र केला. सुताच्या पुड्यांवरची लेबलं मागून कोरी असतात, त्यावर चाळीस सह्या. चाळिसावी ऑफिसरसारखी आली. विजयमाला म्हणाली की मागावरचं लुगडं अर्धं पडलं आहे. तिला सही दाखवली. तिने पाहिली.

१० डिसेंबर, शनिवार

चहाच्या हॉटेलात पेपर वाचला. चौदा तारखेपासून राज्यातले सगळे सरकारी कर्मचारी संपावर. जिल्हा परिषदवाले, मास्तर लोक, सगळेच. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता द्या ही मागणी. अगदी रास्त आहे. मलाही केंद्राप्रमाणे मिळायला हवा. मला अजून राज्याप्रमाणेही मिळत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

परत येताना विचार करत आलो. माझा कागद वर गेलाय. म्हणजे मी अर्धा तरी सरकारी आहे. माझे सगळे सहकारी बेमुदत संपावर असताना मी घरी बसून खटखट माग चालवला, तर उद्या साकोलीला कोणत्या तोंडाने हजर होऊ? लोक म्हणतील, हा तोच, संपात काम केलेला. सर्व्हिस रेकॉर्डला असा डाग पहिल्याच दिवशी नको.

आणीबाणी उठल्यापासून माणूस मोकळेपणाने संप करू शकतो, ही मोठी गोष्ट आहे. मग ती का वाया घालवायची?

१३ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर बसून लुगडं पुरं केलं. बऱ्याच दिवसांनी एवढं काम झालं. संपाची तयारी अंगात उत्साह आणते.

१४ डिसेंबर, बुधवार. सकाळी ७

संपावर गेलो. जायला लांब नव्हतं, खड्ड्यातून वर आलो.

नेहमी लुगडं उतरवताना आम्ही हातभर धागे मागाच्या फणीत तसेच ठेवतो. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, आला की त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला गाठ मारून ओढून घ्यायचा, की माग पुन्हा सुरू. माझ्या बापाने असेच ठेवले, त्याच्या बापानेही. ही फणी मी लग्नाच्या वर्षी भरली. पलीकडे बसून विजयमाला एकेक धागा पुढे करायची, अलीकडून मी आकड्याने ओढून घ्यायचो. नवी नवरी होती, हसायची फार, म्हणून तीन दिवस लागले. तेव्हापासून गाठीवर गाठ चालू आहे, चौदा वर्षं फणी रिकामी झाली नाही.

पण हातभर धागे ठेवायचे म्हणजे उद्या परत यायची तयारी ठेवायची. संपवाल्यानेच अशी तयारी ठेवली तर सरकार कशाला घाबरेल? शिवाय आता या खड्ड्यात मी परत उतरणार आहे थोडाच. कात्री घेतली आणि सगळे कापले. फणी धुतली, पुसली, खुंटीला टांगली. घर मोठं दिसायला लागलं.

विजयमाला कांड्यांची टोपली घेऊन आत आली. मागाकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "साहेब पाहाले येईल तं काय दाखवाल?"

मी म्हटलं, मला समजतं, तू मध्ये बोलू नको.

ती बरं म्हणाली.

रात्री ८. संप पहिल्या दिवशी शंभर टक्के यशस्वी. झोप लागत नाहीये. हात काहीतरी शोधतात.

१७ डिसेंबर, शनिवार

चुलतभाऊ मोतीलाल शेजारीच राहतो. त्याचा माग सकाळपासून चालू असतो, भिंतीतून आवाज येतो. आज आला, खुंटीवरची फणी बघून म्हणाला, "दादा, धागे काहून कापले? हातभर तरी ठेवाचे." मी त्याला संघटित लढ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण तुमी कोनाचं काम बंद केलं? काम तं आपलंच होतं." वाचन नसलं की असं होतं.

त्याने जाताना वहिनीला वाटीभर लाखोळीची डाळ दिली. ती मी पाहिली नाही असं धरलं.

२१ डिसेंबर, बुधवार

भंडाऱ्याला मोर्चात गेलो. खूप माणसं. घोषणा दिल्या, घसा बसला. मागच्या ओळीतल्या एकाने विचारलं, डिपार्टमेंट कोणतं? मी म्हटलं, हातमाग, साकोली. तो म्हणाला, साकोलीला तसं ऑफिस नाही. मी म्हटलं, निघतंय. मग त्याने बॅनरचा बांस माझ्या हातात दिला आणि स्वतः पान खायला गेला. तो परत आलाच नाही. बांस शेवटपर्यंत मीच धरला. इतकी जबाबदारी पहिल्याच मोर्चात.

श्यामराव दिसले. हात हलवला. त्यांनीही हलवला, पण माझ्या मागच्या माणसाला असावा.

२७ डिसेंबर, मंगळवार

सोसायटीचा माणूस आला आणि नव्या ताण्याचं सूत परत घेऊन गेला. म्हणाला, ज्याचा माग चालू त्यालाच सूत. मी म्हटलं, संप मिटेपर्यंत मलाही नकोच आहे. तो पायरी उतरेपर्यंत मी ताठ उभा होतो.

नंतर बसलो. वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

३० डिसेंबर, शुक्रवार

विजयमाला नदीपलीकडे करडीला गेली. तिचं माहेर. भाऊ भोजराज शेतकरी, त्याच्याकडे धान चुरायला, म्हणजे मळणीला, माणसं कमी पडतात, मजुरी धानात देतो. निघताना म्हणाली, "इथं बसून काय करू? कांड्या कोनासाठी भरू?" नदीपर्यंत पोचवायला जाणार होतो, पण संपकाळात मुख्यालय सोडू नये असा नियम असावा.

तिने कणगीत किती तांदूळ आहे ते सांगितलं, मिठाचं मडकं दाखवलं, रहाटावर कापड टाकलं आणि गेली. परत कधी येणार ते विचारायचं राहिलं.

१ जानेवारी १९७८, रविवार

नवं वर्ष. याच डायरीच्या जानेवारीतली पानं कोरी आहेत, तीच वापरतो. वार चुकीचा छापलाय, तो खोडून घेतला. अशी काटकसर सरकारी खात्यात सगळ्यांनी केली तर भत्ता सहज देता येईल.

भात करपला. खालचा थर सोडून खाल्ला. संकल्प: उद्यापासून पाणी जास्त.

५ जानेवारी, गुरुवार

पाणी जास्त झालं. पेज म्हणून प्यायलो. पेज प्रकृतीला उत्तम.

११ जानेवारी, बुधवार

पेपरात आहे की वाटाघाटी फिसकटल्या. आम्ही ठाम आहोत.

दुपारी मोतीलालचा माग थांबला तेव्हा जाग आली. त्या आवाजात मला झोप लागते हे आजवर माहीत नव्हतं.

१७ जानेवारी, मंगळवार

काल रात्री रेडिओवर मोठी बातमी. हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा रद्द. हॉटेलात आज दुसरा विषय नव्हता. व्यापारी लोकांचे चेहरे उतरले होते. मी घरी येऊन ट्रंक, डबे, देव्हारा, सगळं नीट पाहिलं. एकही नोट नाही. मी हजाराची नोट कधी हातातही धरली नाही, म्हणून वाचलो. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. फार दिवसांनी आनंद झाला.

हे विजयमालेला सांगावंसं वाटलं. सांगायला वळलो. मग लिहून ठेवलं.

२४ जानेवारी, मंगळवार

मोतीलालच्या बायकोने, शोभाताईने, भाजी पाठवली. करडीहून निरोपही आला होता, तो तिनेच सांगितला. "वहिनी बरी हाये. तुमी जेवता का म्हणून विचारलं." मी सांगितलं, कळव की संप जोरात आहे. शोभाताई म्हणाली, "तेच कळवू का?" मी म्हटलं, जेवतो असंही कळव.

३० जानेवारी, सोमवार

असेंब्लीचं इलेक्शन जवळ आलंय. एक उमेदवार हात जोडून दारात आले, मागे पंधरा माणसं. म्हणाले, विणकरांचे प्रश्न सोडवू. मी म्हटलं, मी विणकर नाही, कर्मचारी आहे. ते म्हणाले, कर्मचाऱ्यांचेही सोडवू. घरात मतं किती असं विचारलं. दोन, एक करडीला आहे. त्यांच्या माणसाने वहीत एकच लिहिलं.

गेल्यावर मागाच्या खोलीत गेलो. खड्ड्यात शेजारच्या मांजरीने तीन पिल्लं घातली आहेत. चौथं बहुधा मेलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो. का, ते आठवत नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

संप मिटला. चोपन्न दिवस. मागण्यांचं नेमकं काय झालं ते पेपरातून नीट कळलं नाही, हॉटेलात प्रत्येक जण वेगळं सांगतो. पण माझ्यापुरता संप शंभर टक्के झाला. एकही दिवस फुटलो नाही. महाराष्ट्रात असे किती असतील?

आता ऑर्डर. ऑफिस उघडलं की पहिला कागद माझाच निघणार. शर्ट धुवून उशीखाली ठेवला, इस्त्री होते.

१३ फेब्रुवारी, सोमवार

साहेब आले. एसटीने आले, दुपारी दोनला. धुतलेला शर्ट अंगात होता, बरं झालं.

म्हणाले, माग कुठे आहे. दाखवला. त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिलं, मांजरीने त्यांच्याकडे पाहिलं. विचारलं, "कधीपासून बंद हाये?" मी ताठ उभा राहून सांगितलं, चौदा डिसेंबरपासून साहेब, तुमच्यासोबतच. चोपन्न दिवस संपूर्ण, आणि त्यानंतर ऑर्डरची वाट पाहतोय म्हणून आजपर्यंत. फणीसुद्धा रिकामी केली, हे पण दाखवलं, ते राहून गेलं असतं.

साहेबांनी पेन काढलं, मग तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "आमचा संप सरकारशी होता बापा. तुमचा कोनाशी होता?" त्यांच्या बोलण्यात आदर होता असं मला वाटतं. काहीतरी लिहिलं. मोठं नव्हतं, दोन ओळी.

चहा बिनदुधाचा होता. तो त्यांनी अर्धा घेतला. मोतीलालच्या मागाचा आवाज चालूच होता. साहेब म्हणाले, तिकडे कोण? आणि जाताना तिकडे गेले. पाऊण तास होते. मी दारात उभा राहिलो, ते परत निरोप घ्यायला येतील म्हणून. मग एसटी गेल्याचा आवाज आला.

एकूण भेट चांगली झाली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

भंडाऱ्याला गेलो. श्यामरावांनी फाइल उघडली आणि मला वाचून दाखवलं नाही, फिरवून माझ्याकडे केली. साहेबांचं अक्षर स्वच्छ आहे.

"माग बंद. अर्जदार सध्या विणकाम करीत नाही. अपात्र."

मी श्यामरावांना म्हटलं, संपामुळे बंद होता. ते म्हणाले, "संपावर जायले आधी नोकरी लागते, नंदलालजी." मी म्हटलं, कागद वर गेला होता. ते म्हणाले, "कुठं गेला होता? याच कपाटात होता. आमीच नव्हतो नं इथं." वाईट माणूस नाही. पाणी दिलं.

यावर काय लिहावं ते सुचत नाही. सुचलं की लिहीन.

१९ फेब्रुवारी, रविवार

मोतीलाल आला. हातात फॉर्म होता. साहेबांनी त्याला अर्ज पाठवायला सांगितलं आहे, साकोलीच्या जागेसाठी. सहज आल्यासारखा बसला, मग खाली बघून म्हणाला, "दादा, तुमचं अक्षर चांगलं हाये. भरून द्याल का? नाही म्हनाल तरी चालते."

भरून दिला. नाव, वय, गाव, अनुभव वर्षे अकरा. खाडाखोड एकही नाही. 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात विणकर लिहिलं. हात थांबला होता थोडा, पण अक्षर चांगलं आलं.

तो गेल्यावर चहा करून प्यायलो. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सोसायटीत गेलो. चेअरमन म्हणाले, माग बंद असलेल्याला सूत देता येत नाही. मी म्हटलं, सूत दिल्याशिवाय चालू कसा होईल. ते म्हणाले, हा प्रश्न खरा आहे. शेवटी मोतीलालने स्वतःच्या नावावर ताणा उचलून दिला. मांजरीला आणि पिल्लांना टोपलीत घालून ओसरीवर ठेवलं. ती त्याच टोपलीत बसली, कांड्यांच्या.

संध्याकाळी विजयमाला आली. सोबत धानाची दोन पोती, भोजराजच्या बैलगाडीने. वाळली आहे. हाताला भेगा पडल्या आहेत. घर पाहिलं, भांडी पाहिली, करपलेलं पातेलं उचलून नाकाशी धरलं. ऑर्डरचं काही विचारलं नाही. तिला शोभाताईकडून कळलं असावं. मी सांगायला सुरुवात केली होती, ती म्हणाली, "जेवून घ्या पहिले."

भात मऊ होता.

२२ फेब्रुवारी, बुधवार

फणी खुंटीवरून काढली. दोन हजार चारशे धागे. गाठ मारायला जुना धागा एकही नाही, प्रत्येक धागा नव्याने फणीच्या घरात, म्हणजे दोन दातांमधल्या फटीत, ओढायचा. हे एकट्याने होत नाही, पलीकडून धागा पुढे करायला माणूस लागतो. मी सकाळी एकटाच सुरू करून पाहिलं. एक हात पलीकडे नेला की अलीकडचा आकडा सुटतो. दुपारपर्यंत चार धागे झाले, त्यातला एक निसटला.

विजयमालेला म्हणणार होतो. म्हणालो नाही. ती धान निवडत होती.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

ती आपणहून येऊन पलीकडे बसली. सकाळी आठला. पहिला धागा पुढे केला, मी ओढला. मग दुसरा. तिची बोटं पूर्वीपेक्षा खरखरीत झाली आहेत, धागा अडकतो. मोतीलालच्या घरून आवाज नव्हता, तो इंटरव्ह्यूला साकोलीला गेला आहे.

बाराला जेवलो. परत बसलो. मी मनात म्हटलं, तीन दिवसांचं काम, या वेळी दोन दिवसांत होईल, कारण आता हसणं नाही. दिवे लागायच्या वेळेला मोजलं तर बाराशे वीस झाले होते. पाठ भरून आली. मी म्हटलं, बघ, झालं की नाही.

ती म्हणाली, "सातवं घर रिकामं सुटलं हाये."

कंदील आणून पाहिलं. खरंच होतं. काठाजवळ, अगदी सुरुवातीला, फणीचं एक घर तसंच राहिलेलं. तसं विणलं तर लुगड्याला या टोकापासून पदरापर्यंत उभी रेघ पडते, सोसायटी घेत नाही. पुढचे सगळे धागे काढून परत भरायचे. मी विचारलं, तुला कधी दिसलं?

"तेव्हाच," म्हणाली.

मग सांगितलं काहून नाही, म्हटलं.

ती खाली बघून धाग्यांची टोकं सरळ करत होती. "तुमीच म्हनले होते नं, मले समजते, तू मंधात बोलू नोको." रागाने नाही. मीठ कुठे आहे हे सांगावं तसं.

तिने कंदील जवळ ओढला आणि आम्ही धागे बाहेर काढायला लागलो. पहिले सहा बरोबर होते, ते तेवढे ठेवले.